पाकिटावरचा हिशोब: जुनी अमेरिकन कव्हरं कशी वाचायची

माझ्याकडे एक कागद आहे, १८४२ सालचा, न्यू ऑर्लिन्सहून न्यूयॉर्कला गेलेला, एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला लिहिलेला. आत कापसाचे भाव, जहाज कधी सुटणार, पैसे कधी पाठवताय वगैरे. पाकीट नाहीच, पत्राचाच कागद घडी घालून लाखेने बंद केलाय, वर पत्ता, डाव्या कोपऱ्यात न्यू ऑर्लिन्सचा लाल गोल शिक्का, आणि उजवीकडे शाईने नुसता लिहिलेला आकडा, ५०. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हा कागद दाखवतो आणि प्रत्येक जण एकच विचारतो, अरे पण याच्यावर तिकीट कुठंय?

तिकीट नाहीये, कारण तेव्हा अमेरिकेत सरकारी तिकीट निघालेलंच नव्हतं, ते आलं १८४७ ला. आणि खरं सांगू का, या छंदातली सगळ्यात मजेची गोष्ट माझ्यासाठी तिकीट नाहीच, तो ५० चा आकडा आहे. पत्रासाठी कोणी, किती आणि का पैसे मोजले याचा हिशोब पाकिटाच्या बाहेरच लिहिलेला असतो, तो जुळवता आला की कव्हर बोलायला लागतं. (कव्हर म्हणजे टपालातून प्रत्यक्ष जाऊन आलेलं पाकीट किंवा घडीचं पत्र, संग्राहक मंडळी हाच शब्द वापरतात.)

तर तो ५० बघू. १८१६ पासून १८४५ पर्यंत अमेरिकेत टपालाचा दर दोन गोष्टींवर ठरायचा, अंतर आणि कागदांची संख्या. वजनावर नाही, कागद किती आहेत त्यावर. एका कागदाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० मैलांपर्यंत १०, १५० पर्यंत साडेबारा, ४०० पर्यंत आधी साडेअठरा आणि १८२५ पासून पावणेएकोणीस, आणि ४०० मैलांच्या पुढे कितीही लांब असो, २५ सेंट. दोन कागद असले की दुप्पट, तीन असले की तिप्पट. न्यू ऑर्लिन्स ते न्यूयॉर्क हे ४०० मैलांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे एका कागदाला २५. माझ्या पत्रावर ५० लिहिलंय, म्हणजे कागद दोन होते. पण माझ्याकडे एकच आहे! म्हणजे दुसरा कागद, कदाचित हुंडी असेल, कदाचित मालाची यादी, कधीतरी वेगळा झाला आणि गेला, आणि तो होता एवढं सांगणारी जगात एकच गोष्ट उरली, पोस्टातल्या कारकुनाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी घाईत लिहिलेला आकडा. मला हे कळलं त्या रात्री मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो.

आता साडेबारा आणि पावणेएकोणीस हे काय विचित्र दर, असं वाटेल. पण आपल्या आजीआजोबांना हे लगेच कळलं असतं. आपल्याकडे १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा दोन आण्याचे साडेबारा पैसे झाले की नाही, तसंच तिकडे होतं. अमेरिकेत तेव्हा स्वतःची नाणी कमी पडायची म्हणून स्पॅनिश चांदीची नाणी सर्रास चालायची, १८५७ पर्यंत ती कायदेशीर होती. एका स्पॅनिश डॉलरचे आठ रिआल, म्हणजे एक रिआल साडेबारा सेंटचा आणि दीड रिआल पावणेएकोणीसचा. लोकांच्या खिशात जी नाणी होती त्यांना सोयीचे म्हणून हे दर, एवढं साधं आहे ते. आपल्याकडे सव्वा, दीड, पावणे असे शब्द तयारच आहेत म्हणून असेल कदाचित, पण हे दर मराठीत वाचायला इंग्रजीपेक्षा सोपे जातात असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणखी एक, हे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. पाठवणाऱ्याने आधी भरले असतील तर कारकून वर ‘पेड’ असा शिक्का मारायचा किंवा हाताने लिहायचा. तो शब्द नाही म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने अर्धा डॉलर मोजून पत्र सोडवलं. मजुराचा दिवसाचा रोज डॉलरच्या आसपास असायचा त्या काळात, तेव्हा अर्धा डॉलर म्हणजे किती ते बघा. म्हणून लोक पाकीट वापरायचे नाहीत, कारण पाकीट हा पण एक कागद मोजला जायचा. कागद भरला की तोच आडवा फिरवून आधीच्या ओळींवर काटकोनात पुन्हा लिहायचे. पहिल्यांदा असं पत्र बघितलं की जाळी विणल्यासारखं दिसतं आणि डोळे फिरतात, पण पत्र तिरकं धरून वाचलं की हळूहळू एक बाजू वेगळी होते. सवय लागते.

१ जुलै १८४५ ला हे सगळं बदललं. दर अर्ध्या औंसावर, म्हणजे साधारण १४ ग्रॅमवर, ३०० मैलांच्या आत ५ सेंट आणि पुढे १०. कागद मोजणं बंद. यानंतर खरी पाकिटं दिसायला लागतात. मग १ जुलै १८४७ ला पहिली दोन सरकारी तिकिटं आली, ५ सेंटचं तपकिरी फ्रँकलिन आणि १० सेंटचं काळं वॉशिंग्टन. पण सक्ती नव्हती, बरेच लोक बिनतिकिटाचीच पत्रं टाकत राहिले. १८५१ मध्ये दर आणखी उतरला, आधी पैसे भरले तर ३००० मैलांपर्यंत ३ सेंट, नाही भरले तर ५. १८५५ ला पैसे आधी भरायची सक्ती झाली आणि १८५६ च्या सुरुवातीपासून तिकीट लावायची. या तारखा पाठ असल्या ना, की कुठलंही कव्हर हातात आल्यावर डोकं आपोआप चालायला लागतं.

नसल्या तर काय होतं ते मी अनुभवलंय. अगदी सुरुवातीला एका विक्रेत्याकडून मी १८४७ चं ५ सेंटचं तिकीट लावलेलं एक घडीचं पत्र घेतलं, दोनशे डॉलरला, तिकीट बघून खूश होऊन. घरी येऊन पत्र उघडलं तर आत तारीख १८५२ ची, आणि मागच्या बाजूला ज्याला मिळालं त्याने फायलिंगसाठी लिहून ठेवलेलं, अमक्याचं पत्र, १८५२. (याला डॉकेटिंग म्हणतात, व्यापारी लोक हमखास करायचे, आणि आपल्याला ते फार उपयोगी पडतं कारण त्या काळच्या कितीतरी शिक्क्यांत महिना आणि दिवस असतो पण साल नसतं.) आता १८४७ ची तिकिटं १ जुलै १८५१ पासून रद्द झाली होती, आणि १८५२ ला दर होता ३ सेंटचा. म्हणजे रद्द झालेलं तिकीट आणि तेही चुकीच्या रकमेचं. मूळ पत्र बिनतिकिटाचं होतं, कोणीतरी नंतर किंमत वाढवायला त्यावर तिकीट चिकटवलं होतं. तिकिटावरचा शिक्का पण तिकिटाच्या कडेला येऊन थांबत होता, पाकिटावर उतरत नव्हता. अर्धा तिकिटावर अर्धा कागदावर असा सलग शिक्का असेल तर ते तिकीट त्या कव्हरवर ‘टाय’ झालंय म्हणतात, आणि आता मी पहिलं तेच बघतो. महाग वस्तू असेल तर न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनसारख्या ठिकाणी पाठवून खरेपणाचं सर्टिफिकेट घ्यावं, त्यात कंजूषी करू नये.

शिक्क्यांचं आता थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा जीव खरा त्यात अडकलाय. तिकीट आल्यावर पोस्टाला दोन कामं झाली, एक म्हणजे गाव आणि तारीख सांगणारा गोल शिक्का मारायचा, आणि दुसरं म्हणजे तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ते काळं करायचं. या दुसऱ्या शिक्क्याला ‘किलर’ म्हणतात. १८६० च्या दशकात दोन्ही एकाच दांड्यावर बसवले गेले, एका ठोक्यात दोन्ही कामं, तो ड्युप्लेक्स शिक्का. किलर कसा असावा याबद्दल लहान पोस्टांवर फारसं कोणाचं लक्ष नसायचं, मग पोस्टातले लोक बाटलीच्या बुचावर चाकूने कोरून स्वतःचे किलर बनवायचे, तारे, पानं, कवट्या, माणसांचे चेहरे. यात कनेटिकटमधल्या वॉटरबरी गावच्या जॉन हिल या पोस्टातल्या माणसाचा हात कोणी धरू शकत नाही. सणावाराला हा नवीन बूच कोरायचा. १८६९ च्या थँक्सगिव्हिंगला त्याने पळणारी कोंबडी कोरली, काही जण म्हणतात टर्की असणार, पण नाव पडलं ‘रनिंग चिकन’ तेच. बूच मऊ असतं, ठोकून ठोकून लवकर झिजतं, त्यामुळे तो शिक्का थोडेच दिवस चालला आणि आज ती कव्हरं मोठमोठ्या लिलावांत जातात. सरकारी नोकरीत, दिवसभर पत्रं ठोकायचं काम, आणि हा माणूस सणासाठी कोंबडी कोरतोय, मला याचं फार अप्रूप आहे.

मग मशीनं आली. १८९४ ला बोस्टनमध्ये पहिल्यांदा झेंड्याचा मशीन शिक्का आला, लहरणारा अमेरिकन झेंडा आणि त्याचे पट्टे तिकिटावर उमटतात. हे शिक्के सुंदर दिसतात आणि अजूनही बरेच स्वस्त मिळतात, सुरुवात करायला उत्तम.

आणि रेल्वे! रेल्वेच्या डब्यात चालतं पोस्ट ऑफिस. आपल्याकडे आरएमएस माहितीये सगळ्यांना, तिकडे त्याला रेल्वे पोस्ट ऑफिस म्हणायचे, शिक्क्यात आर.पी.ओ. अशी अक्षरं. रीतसर सुरुवात २८ ऑगस्ट १८६४, शिकागो ते आयोवातलं क्लिंटन. शिक्क्यात एका गावाचं नाव नसतं, मार्गाच्या दोन टोकांची नावं असतात, आणि किलरच्या मधोमध बऱ्याचदा आर.एम.एस. लिहिलेलं दिसतं. गाडी चालू असताना कारकून उभ्या उभ्या पत्रं खणांत टाकायचे, आणि लहान स्टेशनवर गाडी न थांबवताच खांबाला टांगलेली पिशवी डब्याला लावलेल्या हुकाने ओढून घ्यायचे. हलत्या डब्यात मारलेले शिक्के तिरके, पुसट, दोनदा उमटलेले असतात, नवीन लोक असं कव्हर खराब म्हणून टाकतात आणि मी ते आनंदाने उचलतो. या कारकुनांचा एक लाडका कुत्रा होता, ओनी नावाचा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या पोस्टात सापडलेला, टपालाच्या पिशव्यांवर झोपून देशभर फिरायचा आणि जिथे जाईल तिथले लोक त्याच्या पट्ट्याला बिल्ला अडकवायचे. आज तो पेंढा भरून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयात उभा आहे, बिल्ल्यांसकट. शेवटची आर.पी.ओ. गाडी न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन, ३० जून १९७७.

बंद पडलेली पोस्टं हा असाच एक वेगळा नाद. १९०१ ला अमेरिकेत ७६,९४५ पोस्ट ऑफिसं होती, आज निम्मी पण नाहीत. कारण साधं आहे, १८९६ पासून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल द्यायचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ ला तो कायमचा झाला. त्याआधी शेतकऱ्याला पत्रासाठी जवळच्या पोस्टापर्यंत जावं लागायचं, ते पोस्ट म्हणजे बहुधा किराणा दुकानाचा एक कोपरा. टपाल दारात यायला लागल्यावर ती हजारो लहान पोस्टं बंद झाली, त्यातली कित्येक गावं पण विरली, आणि गाव होतं याचा एक पुरावा म्हणजे तो गोल शिक्का. एखादा जिल्हा धरून तिथल्या प्रत्येक पोस्टाचा एक तरी शिक्का मिळवायचा असं ठरवून लोक आयुष्यभर शोधत असतात.

यादवी युद्धाबद्दल लिहायला घेतलं तर वेगळा लेख होईल, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६१ ला दक्षिणेची राज्यं फुटली तेव्हा तिथल्या पोस्टांत लाखो जुनी तिकिटं पडून होती, ती विकून दक्षिणेने पैसा उभा करू नये म्हणून उत्तरेच्या सरकारने सगळी जुनी तिकिटं रद्द करून त्या ऑगस्टपासून नवीन आणली. कोणी जुनं तिकीट लावलंच तर फिलाडेल्फियाचं पोस्ट शिक्का मारायचं, ‘जुनी तिकिटं मान्य नाहीत’, आणि घेणाऱ्याकडून पैसे वसूल. दुसरी गोष्ट दक्षिणेतली. नाकेबंदीमुळे तिथे कागद मिळेना. मग लोकांनी भिंतीवरचा रंगीत वॉलपेपर फाडून पाकिटं केली, हिशोबाच्या वह्यांची पानं वापरली, आलेलं पाकीट उकलून उलटं करून परत वापरलं. अशा उलटवलेल्या पाकिटाला बाहेरून एक पत्ता आणि आतून दुसरा, दोन घरांचा पत्रव्यवहार एकाच कागदात. बाहेर फुलं छापलेला वॉलपेपर आणि पत्ता सैनिकाच्या छावणीचा असं कव्हर मी एका प्रदर्शनात काचेआड बघितलंय, आणि तिथून लवकर हलता आलं नाही.

पश्चिमेकडचं पटकन सांगतो. सोन्याच्या शोधात लोक कॅलिफोर्नियाला धावले तेव्हा तिथून पूर्वेकडे पत्राला ४० सेंट पडायचे, १८५१ ला एकदम ६ झाले. पोनी एक्सप्रेस, म्हणजे घोडेस्वारांची टपालसेवा, सगळ्यांना माहीत असते पण ती चालली फक्त दीड वर्ष, एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१, मिसुरीतल्या सेंट जोसेफहून सॅक्रामेंटोपर्यंत, घोडे बदलत सुमारे दहा दिवसांत, सुरुवातीचा दर अर्ध्या औंसाला ५ डॉलर. तार पूर्ण जोडली गेली आणि दोनच दिवसांत पोनी बंद. ती कव्हरं आपल्या आवाक्यातली नाहीत, संग्रहालयात बघावीत.

नुकसान झालेलं कव्हर नेहमी टाकाऊ असतं असं नाही हे पण लक्षात ठेवा. ६ मे १९३७ ला हिंडेनबर्ग हे वायूने भरलेलं महाकाय हवाई जहाज (विमान नव्हे) न्यू जर्सीत लेकहर्स्टला उतरताना पेटलं, त्यात १७ हजारांहून जास्त पत्रं होती आणि सुमारे ३६० वाचली, कडा जळून काळ्या झालेली. तिथे तो जळका डागच पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरातून उचलून छावण्यांत ठेवलं, त्या छावण्यांनाही पोस्ट होतं, मॅन्झनार, हार्ट माउंटन अशा नावांचे शिक्के मिळतात. दिसायला अगदी साधी पाकिटं, ३ सेंटचं जांभळं तिकीट, पण शिक्क्यातलं नाव वाचलं की हात थबकतो.

सगळ्यात प्रसिद्ध अमेरिकन कव्हरांपैकी एक म्हणजे ‘अलेक्झांड्रिया ब्लू बॉय’. सरकारी तिकिटं यायच्या आधी काही गावांच्या पोस्टमास्तरांनी स्वतःची तिकिटं छापली होती, त्यातलं व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचं ५ सेंटचं तिकीट निळ्या कागदावर एकच उरलंय. ते ज्या पत्रावर आहे ते मात्र सरकारी तिकिटं आल्यानंतरचं, नोव्हेंबर १८४७ चं, जेम्स हूफ नावाच्या तरुणाने जॅनेट ब्राऊनला रिचमंडला पाठवलेलं प्रेमपत्र. घरच्यांपासून लपवलेलं प्रकरण, म्हणून शेवटी त्याने लिहिलंय की नेहमीप्रमाणे जाळून टाक. तिने जाळलं नाही. पुढे दोघांचं लग्न झालं, आणि १९०७ ला त्यांच्या मुलीला ते सापडलं. २०१९ च्या लिलावात त्याला जवळजवळ ११ लाख ८० हजार डॉलर आले. हिशोब इथेही जुळतो बरं का, अलेक्झांड्रिया ते रिचमंड ३०० मैलांच्या आत, दर ५ सेंट, तिकीट ५ सेंटचं.

सुरुवात करायला इतके पैसे लागत नाहीत. १८५० च्या दशकातली ३ सेंटच्या तिकिटाची साधी कव्हरं काही डॉलरांत मिळतात, प्रदर्शनांत ‘डॉलर बॉक्स’ असतात, खोकंच्या खोकं भरलेली, तिथे बसून चाळायचं. घरात जुनं पाकीट सापडलं तर कृपा करून तिकीट कापू नका, पाण्यात भिजवून काढू तर अजिबात नका. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, पेनने मागे काही लिहू नका, आणि मुंबई-कोकणातल्या हवेत तर बिनआम्ली कागदाच्या फोल्डरात ठेवून पावसाळ्यात मधूनमधून बाहेर काढून बघत चला.

जाता जाता एक उदाहरण तुम्हीच सोडवा, आपल्या बाजूचं आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ ला मुंबईत आले, पुढे १८३१ ला अहमदनगरलाही त्यांचं ठाणं झालं, आणि त्यांची पत्रं जहाजाने बोस्टनच्या मुख्य कचेरीला जायची. जहाजाचा कप्तान पत्रं बंदरातल्या पोस्टात द्यायचा, त्याला पत्रामागे २ सेंट मिळायचे आणि पत्रावर ‘शिप’ असा शिक्का बसायचा. पत्र त्याच बंदरगावचं असेल तर घेणाऱ्याला ६ सेंट, पुढे जायचं असेल तर २ सेंट अधिक तिथून पुढचा नेहमीचा दर. आता समजा १८३५ सालचं एक पत्र आहे, एकच कागद, मुंबईहून बोस्टनला, वर ‘शिप’ आणि आकडा पावणेएकवीस. जहाज बोस्टनला लागलं असतं तर ६ असते. पावणेएकवीसातून २ काढा, उरले पावणेएकोणीस, म्हणजे १५० ते ४०० मैल. नकाशा घ्या आणि बोस्टनपासून तेवढ्या अंतरावर कुठलं मोठं बंदर आहे ते बघा.